गर्दीच्या वर्गात चक्कर यायची म्हणून ज्याची शाळा सुटली, त्यानेच पोस्टातून शाळा घरोघरी पोहोचवली

२०२० चा लॉकडाऊन आठवतोय? शाळांना कुलूप लागलं आणि शाळा मोबाईलमध्ये शिरली. व्हॉट्सॲप ग्रुपवर गृहपाठाची पीडीएफ यायची. पोरं वहीत उत्तरं लिहायची, आई नाहीतर ताई त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकायची. मग वाट बघणं सुरू. निळ्या टिका यायच्या, म्हणजे सरांनी फोटो उघडला एवढं कळायचं. पण उत्तर बरोबर आहे की चूक? गणित कुठं फसलंय? ते बऱ्याच पोरांना कळायचंच नाही.

ऑनलाईन शाळेबद्दल तेव्हा भरपूर चर्चा झाली. नेटवर्क नाही, मोबाईल एक आणि भावंडं तीन, रिचार्ज संपला, डोळे दुखतात. या सगळ्या तक्रारी खऱ्याच होत्या. पण त्यांच्या खाली एक जुना प्रश्न दबून राहिला. शिक्षक समोर नसेल तर पोराची वही तपासायची कोणी आणि ती परत पोचवायची कशी?

हा प्रश्न १८४० साली इंग्लंडमधल्या एका शाळामास्तराला पडला होता. त्याच्याकडे मोबाईल नव्हता, रेडिओ नव्हता, टेलिफोनचा तर शोधही लागायचा होता. त्याच्याकडे होतं फक्त पोस्ट ऑफिस.

त्या मास्तरांचं नाव सर आयझॅक पिटमन.

नाव ओळखीचं वाटलं असेल. तालुक्याच्या गावात टायपिंग इन्स्टिट्यूटच्या पाटीवर ‘टायपिंग व शॉर्टहँड’ असं लिहिलेलं असतं ना, त्यातलं शॉर्टहँड म्हणजे पिटमनचं शॉर्टहँड. स्टेनोची परीक्षा दिलेल्या कुणालाही विचारा, हे नाव तोंडपाठ असतं. पण शॉर्टहँडवाला पिटमन माहीत असला तरी पोस्टाने शाळा चालवणारा पिटमन फारसा कुणाला माहीत नाही. आणि त्याहून कमी लोकांना माहीत असतं की या माणसाची स्वतःची शाळा लहानपणीच सुटली होती.

वर्गात बसलं की चक्कर यायची

४ जानेवारी १८१३. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातलं ट्रोब्रिज हे गाव. आपल्याकडे इचलकरंजी म्हटलं की जसे माग आठवतात, तसं ट्रोब्रिज म्हटलं की तिथे लोकरी कापड आठवायचं. गावात कापडाच्या गिरण्या आणि बरीचशी घरं या गिरण्यांवरच चाललेली. सॅम्युअल पिटमन अशाच एका गिरणीत देखरेखीच्या कामावर होते. त्यांना एकूण ११ मुलं झाली. त्यातला एक आयझॅक.

आयझॅक शाळेत जायला लागला. तेव्हाच्या शाळा म्हणजे एका खोलीत जमतील तेवढी पोरं कोंबलेली. खिडक्या कमी, हवा खेळती नाही. आयझॅकला त्या कोंदट गर्दीत चक्कर यायची. एकदा नाही, वारंवार. पोरगं वर्गात बसल्या बसल्या बेशुद्ध पडायचं. शेवटी १२-१३ वर्षांचा असताना त्याची शाळा सुटली ती सुटलीच.

पोरगं हुशार होतं, अभ्यासाचा कंटाळाही नव्हता. फक्त त्या खोलीत बसणं त्याच्या शरीराला झेपत नव्हतं. आजारपणामुळे शाळा चुकणारी पोरं आजही प्रत्येक वर्गात असतात. तेव्हा त्यांच्यासाठी कुठलीच सोय नव्हती. शाळेत येता येत असेल तर या, नाहीतर कामाला लागा.

आयझॅक कामाला लागला. वडील ज्या गिरणीत होते तिथेच कारकून म्हणून.

पण पठ्ठ्याने शिक्षण सोडलं नाही. पहाटे चारला उठायचं, गिरणीची वेळ होईपर्यंत पुस्तकं वाचायची आणि मग कामावर जायचं. पहाटे उठायची ही सवय त्याने पुढे आयुष्यभर सोडली नाही.

आता एकट्याने शिकण्यात एक गोची असते. पुस्तक तुम्हाला शिकवतं, पण तुम्ही चुकलात तर टोकत नाही. आयझॅकच्या बाबतीत नेमकं तेच झालं. वाचून वाचून त्याचा शब्दसंग्रह दांडगा झाला, पण त्यातले कितीतरी शब्द त्याने कुणाच्या तोंडून कधी ऐकलेच नव्हते. इंग्रजीचा कारभार तुम्हाला माहीत आहे. लिहायचं एक आणि म्हणायचं भलतंच. त्यामुळे आयझॅक मोठे मोठे शब्द वापरायचा आणि उच्चार चुकवायचा.

हे लक्षात आल्यावर त्याने वॉकरचा उच्चारकोश घेतला आणि गोष्टीचं पुस्तक वाचावं तसा तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढला. जे शब्द आपण चुकीचे म्हणतो ते वेगळे लिहून काढले आणि एकेक करून सुधारले.

शाळा सुटलेल्या पोराला त्याची चूक दाखवायला एक कोश तेवढा भेटला. आयझॅकच्या पुढच्या आयुष्यातली दोन मोठी कामं या अनुभवाशी जुळणारी आहेत. उच्चाराप्रमाणे लिहायची लिपी हे एक आणि लांबच्या विद्यार्थ्याची चूक सुधारून त्याला परत पाठवणं हे दुसरं.

शाळा सुटलेलं पोरगं मास्तर झालं

१८३१ मध्ये आयझॅक लंडनला गेला. तिथे बरो रोडवर शिक्षक तयार करणारी संस्था होती. काही महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन तो मास्तर झाला.

बरो रोडची शाळा जोसेफ लँकेस्टर यांनी सुरू केलेली. तिथली पद्धत अशी की एक मास्तर शेकडो पोरांना एकट्याने शिकवू शकत नाही, म्हणून मोठ्या आणि हुशार पोरांना आधी शिकवायचं आणि त्यांनी लहानांना शिकवायचं. साधारण अशीच पद्धत अँड्र्यू बेल यांनी लँकेस्टर यांच्या आधी मद्रासमध्ये वापरली होती. तिथल्या मुलांना वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना पाहून बेल यांना ती कल्पना सुचली होती. म्हणजे या गोष्टीचं एक टोक आपल्याकडेही येऊन पोचतं. पिटमन यांनी ही पद्धत जवळून पाहिली. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

१८३२ पासून पिटमन लिंकनशरमधल्या बार्टन-अपॉन-हंबर या गावात शिकवू लागले. तिथेच १८३५ मध्ये मेरी होलगेट यांच्याशी त्यांचं लग्न झालं. १८३६ मध्ये ते ग्लॉस्टरशरमधल्या वॉटन-अंडर-एज या गावच्या शाळेत गेले.

इथे नोकरी गेली. शिकवण्यात काही खोट निघाली म्हणून नाही, धर्मामुळे. स्वीडनचे विचारवंत स्वीडनबोर्ग यांच्या विचारांवर उभ्या राहिलेल्या न्यू चर्च या पंथाकडे पिटमन वळले होते. शाळा चालवणाऱ्यांना ते पटलं नाही. त्यांनी मास्तरांना काढून टाकलं.

दुसरा कुणी असता तर गाव सोडून गेला असता. पिटमन यांनी त्याच गावात स्वतःची शाळा काढली.

चार पेनीचं पुस्तक

पिटमन यांना तरुणपणापासून एक नाद होता. शॉर्टहँडचा. म्हणजे माणूस बोलतो त्या वेगाने लिहून घ्यायची लिपी. सॅम्युअल टेलर यांची शॉर्टहँड पद्धत ते स्वतः शिकले होते आणि शाळेतल्या पोरांनाही शिकवत होते. अडचण अशी की शॉर्टहँडची पुस्तकं महाग. गरिबाच्या पोराला परवडायची नाहीत.

म्हणून त्यांनी टेलर पद्धतीचं स्वस्त पुस्तक तयार केलं आणि लंडनचे प्रकाशक सॅम्युअल बॅगस्टर यांच्याकडे पाठवलं. बॅगस्टर यांची त्यांच्याशी ओळख होती, कारण पिटमन यांनी बॅगस्टर यांच्या बायबलमधले संदर्भ तपासून त्यातल्या चुका कळवल्या होत्या. दुसऱ्याच्या चुका शोधून कळवण्याचं अंग त्यांच्यात पहिल्यापासून होतंच.

बॅगस्टर यांच्याकडून निरोप आला की टेलरची पुस्तकं बाजारात आधीच आहेत, स्वतःचं काही नवीन असेल तर छापू.

पिटमन कामाला लागले आणि १५ नोव्हेंबर १८३७ रोजी त्यांचं छोटंसं पुस्तक बाहेर आलं. किंमत चार पेनी. ‘स्टेनोग्राफिक साउंड-हँड’ असं त्याचं नाव. पुढे या पद्धतीला पिटमन फोनोग्राफी म्हणू लागले.

यात नवीन काय होतं? स्पेलिंग विसरायचं आणि कानाला जे ऐकू येतं तेवढंच लिहायचं.

मराठी माणसाला यात फारसं नवल वाटणार नाही. आपली देवनागरी बऱ्याच अंशी उच्चाराप्रमाणेच चालते. आपली बाराखडी शिकवतानाच क-ग, ट-ड, त-द, प-ब या जोड्या एकाच वर्गात येतात, कारण तोंडातली जागा तीच असते, फक्त एकात घशातून आवाज येतो आणि एकात नाही. पिटमन यांनी अशाच जोड्या रेघांमध्ये बसवल्या. जोडीतल्या दोन्ही आवाजांना एकच रेघ. हलक्या आवाजाला बारीक आणि भारी आवाजाला तीच रेघ जाड. स्वरांसाठी ठिपके आणि छोट्या रेघा.

मराठीत उदाहरण द्यायचं तर या तत्त्वाने ‘तार’ आणि ‘दार’ यांच्यातला फरक फक्त रेघेच्या जाडीचा होईल.

आणि इथेच खरी मेख आहे. ही लिपी पुस्तक बघून शिकता येते, पण आपण गिरवलेली रेघ पुरेशी बारीक आलीय की जाड झालीय, ती बरोबर कोनात आहे की तिरकी गेलीय, हे शिकणाऱ्याचं त्यालाच कळत नाही. त्याला वाटतं आपण तार लिहिलंय. वाचणारा वाचतो दार. कुणीतरी बाहेरून बघून सांगावं लागतं.

वर्गात मास्तर ते करतात. पण पिटमन यांचं पुस्तक ज्या शेकडो गावांत जाऊ शकत होतं, तिथे हे शिकवणारा मास्तर कुठून आणायचा?

एक पेनीचं तिकीट आणि एक पेनीची शाळा

१८३९ मध्ये पिटमन बाथ शहरात राहायला आले. आणि काही महिन्यांतच ब्रिटनमध्ये एक मोठी गोष्ट घडली.

त्याआधी पत्र पाठवणं म्हणजे श्रीमंतांचं काम होतं. पत्राचे पैसे अंतरावर आणि कागदाच्या संख्येवर ठरायचे आणि बहुतेक वेळा ते पत्र घेणाऱ्याने द्यायचे. गरीब माणूस पत्र आलं तरी पैशांअभावी परत पाठवायचा. रोलंड हिल यांनी ही व्यवस्था बदलायचा आग्रह धरला आणि १० जानेवारी १८४० पासून देशभर एकच दर लागू झाला. अर्धा औंस, म्हणजे साधारण १४ ग्रॅमपर्यंतचं पत्र ब्रिटनमध्ये कुठूनही कुठेही एका पेनीत. त्याच वर्षी मे महिन्यात पेनी ब्लॅक हे टपाल तिकीट आलं.

आपल्याकडे १८५४ मध्ये अर्ध्या आण्यात देशभर पत्र जाऊ लागलं, ती याच विचाराची पुढची पायरी.

बाकीच्यांना यात स्वस्तातलं पत्र दिसलं. पिटमन यांना यात वर्ग दिसला.

त्यांनी आपली अख्खी पद्धत एका कागदावर बसवली. साधारण आठ इंच बाय साडेसहा इंचांची पोलादी पट्टीवर कोरून छापलेली पाटी. किंमत एक पेनी. लोक तिला पेनी प्लेट म्हणू लागले. कागद हलका, त्यामुळे पोस्टाने सहज जायचा.

पण कागद पाठवला म्हणजे शिक्षण झालं नाही, हे या माणसाला पक्कं माहीत होतं. म्हणून त्या कागदावरच त्यांनी जाहीर केलं की ज्याला शिकायचं आहे त्याने आपला पाठ पोस्टाने पाठवावा, तपासून मिळेल आणि तपासण्याचे पैसे लागणार नाहीत.

पद्धत अगदी साधी होती. विद्यार्थ्याने घरात असलेलं बायबल उघडायचं. त्यातली डझनभर वचनं शॉर्टहँडमध्ये लिहायची. दोन ओळींमध्ये मोकळी जागा सोडायची. टपाल आधीच भरून ते पत्र पिटमन यांना पाठवायचं. त्या मोकळ्या जागेत पिटमन दुरुस्त्या करणार आणि कागद परत जाणार.

बायबलच का? पिटमन धार्मिक होते हे खरंच. पण यात एक सोयही होती. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये जे एक पुस्तक बहुतेक घरांत सापडायचं ते हेच. विद्यार्थ्याला वेगळं पुस्तक विकत घ्यायला नको आणि तपासणाऱ्याला मूळ मजकूर काय आहे ते लगेच कळतं.

आता कुणी म्हणेल की पोस्टाने शिकवणारे पिटमन पहिले नव्हेत. बरोबर आहे. १७२८ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनच्या वर्तमानपत्रात कॅलेब फिलिप्स यांनी जाहिरात दिली होती की खेड्यापाड्यातल्या लोकांना दर आठवड्याला धडे पाठवून शॉर्टहँड शिकवलं जाईल. योगायोग बघा, विषय तोच. पण त्या जाहिरातीत धडे जाण्याची गोष्ट होती. पिटमन यांच्या योजनेत विद्यार्थ्याचं काम मास्तरांकडे येतं, तपासलं जातं आणि परत जातं. म्हणूनच दूरशिक्षणाचा इतिहास सांगताना बरेच लोक सुरुवात पिटमन यांच्यापासून करतात.

वह्या वाढल्या, मास्तर एकच

फुकट तपासून मिळतंय म्हटल्यावर पत्रं वाढली. आणि जी अडचण आज प्रत्येक ऑनलाईन क्लासला येते तीच आली. धडा हजार जणांना पाठवायला वेळ लागत नाही. हजार वह्या तपासायला लागतो.

मग पिटमन यांनी काय केलं? १८४३ मध्ये फोनोग्राफिक कॉरस्पाँडन्स सोसायटी उभी राहिली. जे लोक ही लिपी नीट शिकले होते, त्यांनी नव्या शिकाऊंचे पाठ पोस्टाने तपासून द्यायचे. तेही फुकट. बरो रोडच्या शाळेत मोठी पोरं लहानांना शिकवायची ते आठवतंय? तोच प्रकार इथे अख्ख्या देशभर पोस्टातून सुरू झाला. काल ज्याची वही तपासली गेली, तो आज दुसऱ्याची तपासायला लागला.

पिटमन यांचे भाऊही या कामात उतरले. गावोगावी जाऊन व्याख्यानं द्यायची, वर्ग घ्यायचे आणि मागे राहिलेल्यांनी पोस्टाने पुढे शिकायचं. जेकब ऑस्ट्रेलियाला गेला तो ही लिपी सोबत घेऊन गेला. बेन अमेरिकेत गेला. १८६५ मध्ये अब्राहम लिंकन यांच्या हत्येच्या कटातल्या आरोपींवर खटला चालला, त्याची नोंद ठेवण्याचं काम याच बेन पिटमनकडे होतं.

१८४२ पासून पिटमन यांनी शॉर्टहँडचं मासिक सुरू केलं होतं. नाव बदलत बदलत ते अनेक दशकं चाललं. शिकणाऱ्याला सरावाला दर वेळी नवीन मजकूर मिळायचा आणि एकट्याने शिकणाऱ्या माणसाला कळायचं की आपल्यासारखे अजून बरेच जण आहेत.

पण सगळं गोड नव्हतं

पिटमन यांची गोष्ट सांगताना त्यांना देव करून चालणार नाही.

पहिली गोष्ट, ही शाळा सगळ्यांसाठी नव्हती. ज्याला वाचता येतं त्यालाच पोस्टाने शिकता येणार. १८४० च्या आसपास इंग्लंडमध्ये लग्नाच्या नोंदवहीत साधारण एक तृतीयांश नवरदेव आणि जवळपास निम्म्या नवऱ्या मुली सहीऐवजी फुली मारायच्या. त्यांच्यासाठी पेनी प्लेट म्हणजे निव्वळ रेघोट्या होत्या. पेनी स्वस्त होती हे खरं, पण मजुराच्या घरात पेनीसुद्धा मोजूनच खर्च व्हायची. मोबाईल ज्याच्या घरात त्याची शाळा चालू, हे आपण २०२० मध्ये पाहिलं. १८४० मध्ये तसंच होतं, फक्त मोबाईलच्या जागी अक्षरओळख होती.

आणि हे शिकणारे बहुतेक शाळकरी पोरं नव्हती, हेही खरं. आपलं काम सांभाळून शिकायला तयार असलेली, थोडीफार शिकलेली मंडळी होती. सहा वर्षांच्या पोराला कागद पाठवून शिकवता येत नाही. त्याच्या शेजारी कुणीतरी बसावंच लागतं.

दुसरी गोष्ट, पिटमन यांचा हट्ट. आपली लिपी परिपूर्ण व्हावी म्हणून ते तिच्यात सतत बदल करत राहिले. एकदा शिकलेल्या माणसाला पुन्हा नव्याने शिकायला लावणं हे शिकणाऱ्याला किती जड जातं, त्याचा विचार कमी पडला. १८५० च्या दशकाच्या शेवटी आलेल्या दहाव्या आवृत्तीत त्यांनी स्वरांचा क्रमच उलटा केला. अमेरिकेतल्या बेनने तो बदल मानला नाही. तिथे जुनीच पद्धत चालू राहिली. एका घरातल्या दोन भावांच्या दोन वाटा झाल्या.

तिसरी गोष्ट, इंग्रजीचं स्पेलिंगच बदलायचं हे त्यांचं स्वप्न. अलेक्झांडर एलिस यांच्यासोबत त्यांनी १८४० च्या दशकात उच्चाराप्रमाणे छापायची नवी अक्षरं तयार केली. आयुष्यभर त्यासाठी वेळ आणि पैसा खर्च केला. शॉर्टहँड जगभर गेलं, पण स्पेलिंग जागचं हललं नाही. जेकबच्या सिडनीतल्या थडग्यावरचा मजकूर मात्र भावाच्या या हट्टाला मान देत उच्चाराप्रमाणे कोरलेला आहे.

पिटमन स्वतः शाकाहारी होते, दारू आणि तंबाखूपासून लांब राहायचे. ज्या पोराला वर्गातली हवा सोसत नव्हती, तो म्हातारपणीही भल्या सकाळी कामाला बसायचा. १८५७ मध्ये मेरी वारल्या. १८६१ मध्ये इझाबेला मास्टर्स यांच्याशी दुसरं लग्न झालं. आल्फ्रेड आणि अर्नेस्ट ही दोन मुलं पुढे वडिलांच्या व्यवसायात आली. १८९४ मध्ये राणी व्हिक्टोरियाने त्यांना सर ही पदवी दिली. जानेवारी १८९७ मध्ये बाथमध्ये त्यांचं निधन झालं. वय ८४. अर्नेस्टचे चिरंजीव सर जेम्स पिटमन यांनी पुढे विसाव्या शतकात लहान मुलांना वाचायला सोपं जावं म्हणून उच्चारावर आधारलेली वेगळी वर्णमाला तयार केली. म्हणजे नाद घराण्यातच उतरला होता.

पोस्टातल्या शाळेचं पुढे काय झालं?

१८५८ मध्ये लंडन विद्यापीठाने कॉलेजात न येता परीक्षा देण्याची वाट मोकळी केली. १८७३ मध्ये बोस्टनमध्ये अ‍ॅना टिकनर यांनी घरात अडकलेल्या स्त्रियांसाठी पत्रातून शिकण्याची संस्था काढली. तिथेही शिकवणाऱ्या बायका शिकणाऱ्या बायकांना पत्रं लिहून मार्गदर्शन करायच्या.

१९३७ मध्ये अमेरिकेतल्या शिकागोत पोलिओची साथ आली आणि शाळा उघडणं पुढे ढकलावं लागलं. तेव्हा शहरातल्या रेडिओ स्टेशनांनी रोज १५ मिनिटांचे पाठ प्रसारित केले आणि वर्तमानपत्रांनी वेळापत्रक छापलं. तीन लाखांहून जास्त पोरांसाठी ही सोय होती. पण रेडिओला हात वर करून प्रश्न विचारता येत नाही. म्हणून फोनवर शिक्षक बसवावे लागले. म्हणजे परतीची वाट पुन्हा शोधावीच लागली.

१९५१ मध्ये ऑस्ट्रेलियात अ‍ॅलिस स्प्रिंग्जला स्कूल ऑफ द एअर सुरू झाली. शेकडो किलोमीटर लांबच्या वस्त्यांवरची पोरं दोन्हीकडून बोलता येणाऱ्या रेडिओवरून बाईंना उत्तर देऊ लागली.

आपल्याकडे १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. नोकरी, शेती, संसार यात शिक्षण सुटलेल्या लाखो लोकांनी टपालाने येणारी पुस्तकं आणि जवळचं अभ्यासकेंद्र यांच्या भरवशावर पदव्या घेतल्या. आणि २०२० मध्ये शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली सुरू झालं, ते ज्या घरात इंटरनेट नव्हतं तिथल्या पोरांपर्यंतही पोचलं.

साधन दर वेळी बदललं. पोस्ट, रेडिओ, टीव्ही, मोबाईल. धडा पाठवणं दर वेळी सोपं आणि स्वस्त होत गेलं. पण पोराने लिहिलेलं कुणीतरी बघणं, नेमकी चूक कुठं आहे त्यावर बोट ठेवणं आणि ते पोराला परत सांगणं, हे काम तेव्हाही माणसाचं होतं आणि ते आजही तेवढाच वेळ खातं. कुठलीही ऑनलाईन शाळा चांगली की वाईट हे ठरवताना व्हिडिओ किती भारी आहे हे विचारण्याआधी वह्या तपासायला माणसं किती आहेत, हे विचारायला हवं.

ताप आला, पाय मोडला, पुरात रस्ता गेला, आईबाप ऊसतोडीला गेले. शाळा काही दिवसांसाठी सुटायला साथच यावी लागते असं नाही. अशी पोरं दर वर्षी असतात. त्यांच्यासाठी मोठं ॲप लागतंच असंही नाही. वर्गातल्या एखाद्या मित्राने वही घरी नेली, सरांनी लाल पेनाने दोन ओळी लिहिल्या आणि ती वही दुसऱ्या दिवशी परत गेली, तरी पोराची शाळा सुटत नाही. पिटमन यांनी हेच काम एका पेनीच्या तिकिटावर करून दाखवलं होतं.